मोजणीबाहेरचा शनिवार

जुन्नरच्या टेलिफोन कचेरीत मी लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. खेडोपाडी आपोआप चालणारी छोटी एक्स्चेंज बसत होती. लोखंडी कपाटाएवढं यंत्र, शेजारी बॅटऱ्या, वर पत्रा. माझं काम या एक्स्चेंजवरची फोनची वर्दळ मोजण्याचं. गावातल्या गावात फोन कितीही लागू शकत, पण गावाबाहेर जाणारा प्रत्येक फोन मोजक्याच लाइनींवरून जायचा. कुठल्या गावाला तशा लाइनी किती आहेत, त्या किती वेळ गुंतलेल्या असतात, किती वेळ मोकळ्या, हे सगळं माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये गोळा व्हायचं. सकाळी प्रिंटर घरघरत लांबच लांब कागद बाहेर टाकायचा आणि मी पेन्सिल घेऊन त्याच्यावर बसायचो.

त्या कागदांचा मला अभिमान होता, हे आधी सांगितलं पाहिजे. मी महाळुंगे पडवळचा. वडील मी शाळेत असतानाच गेले. शेती चुलत्यांच्या हाताखाली, आणि माझा डिप्लोमा आईनं कांद्याच्या खुरपणीवर पुरा केलेला. तालुक्यात कोण कोणाशी बोलतं ते नाही, पण किती बोलतं ते मला बसल्या जागी कळतं, याची मला नवलाई होती. जुन्नरला खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी जायचो.

माझ्या खोलीत आणखी एक जण बसायचे. जुन्नरचेच, कागद बनवणाऱ्यांच्या जुन्या मोहल्ल्यातले. सगळी कचेरी त्यांना चाचा म्हणायची. तीस वर्षं त्यांनी स्विचबोर्डवर ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. डायल आलं, बोर्ड गेला, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांना माझ्याकडे कागद फाडून फायलीला लावायला पाठवलं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. फक्त फोन वाजला की त्यांचा हात आधी कानाकडे जायचा आणि मग रिसीव्हरकडे.

त्यांनीच मला सांगितलं की मोजणी ही काही नवी गोष्ट नाही. त्यांच्या वेळी वर्षातून एकदोनदा वरून हुकूम यायचा, की गर्दीच्या तासात वहीत खुणा करा.

"फोन लावून दिला की रेघ," चाचा म्हणाले. "आणि कुणी मागितला पण लाइन मोकळी न्हवती, की गोल. संध्याकाळी दोन्ही मोजायचे. बेटा, तुझ्या या कागदात गोल कुठं आहेत?"

मी हसून सांगितलं, "मशीन तेही ठेवतं, चाचा. पण ते वेगळं मागावं लागतं. आणि वर पाठवायच्या फॉर्मात त्याला रकानाच नाही."

"मग मागत का नाही?"

"गरज पडली तर मागू की."

त्या वर्षी नारायणगावच्या बाजारातून तक्रारी यायला लागल्या. टोमॅटोचा हंगाम. मुंबईचा भाव विचारायला, गाड्या सांगायला व्यापारी फोन फिरवत आणि लाइन मिळत नसे. नवीन लाइनी मंजूर व्हायला वर्ष लागलं असतं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, कुठं लाइनी पडून असतील त्या शोध, तिथल्या काढून इकडे देऊ. मी नियमाप्रमाणे सोमवार ते शुक्रवार, सकाळच्या गर्दीच्या तासाची मोजणी सगळ्या गावांसाठी लावली. आठवड्यानं उत्तर मिळालं. आण्याच्या पठारावरच्या एका गावाला बाहेरच्या सहा लाइनी होत्या आणि त्यातल्या दोनसुद्धा पुऱ्या वापरात दिसत नव्हत्या. मी तिथल्या दोन लाइनी काढायची शिफारस लिहिली.

चाचांनी तो कागद फायलीला लावायच्या आधी बराच वेळ हातात धरला.

"यात शनिवार कुठं आहे? तिकडचा बाजार शनिवारी भरतो. सगळं पठार त्या दिवशी त्या गावात येतं आणि फोनपाशी उभं राहतं. मी बोर्डावर असताना शनिवारी तिकडचे गोलच गोल असायचे."

"मोजणी पाच दिवसांचीच करायची असते, चाचा. नियम आहे तसा."

"नियम मला पण माहीत आहे," ते म्हणाले. एवढंच. मी सही केली. दिवाळीच्या तोंडावर आमची माणसं वर गेली, त्या दोन लाइनींची कार्डं यंत्रातून काढून आणली आणि ती नारायणगावच्या यंत्रात बसली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

त्याच गावापासून दीड तासाच्या पायवाटेवर एका वाडीत माझी बहीण दिली होती.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती दर शनिवारी बाजाराला यायची, आणि आमच्या घरी माझ्या नोकरीमुळे फोन आल्यापासून बाजारातल्या एसटीडीच्या टपरीवरून दुपारी आईला फोन करायची. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पक्कं माहीत होतं. पण एक माणूस आठवड्यातून पाच मिनिटं बोलतं, त्यानं काय फरक पडणार, असं मला वाटलं असावं. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. कागदावरचं गाव आणि आक्काचं गाव माझ्या डोक्यात एक झालंच नाही.

दिवाळीत आक्का भाऊबीजेला आली ती परत जायचं नाही असं ठरवून. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासरी दुसरी आणायचं बोलणं उघड सुरू झालं होतं. दाजी काही बोलत नव्हते, आणि त्यांचं न बोलणंच आक्काला जास्त लागलं होतं. ती आईला म्हणाली, "मी हितंच राहीन. खुरपायला जाईन. तुझ्यावर वज्जं न्हाई व्हायची."

आई घाबरली. विधवा बाई, शेजारी दीर-जावा, गावात तोंडं. तिनं आक्काला चार दिवस समजावलं आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून दिली. "तुझं घर ते हाय. दुसरी आली तर आली, तू पहिली हाईस. तिथून हलू नगंस."

एसटी येईपर्यंत आम्ही तिघं स्टँडवर उभे होतो. आक्का आईच्या पाया पडली नाही. खिडकीशी बसली, पण आमच्याकडे पाहिलं नाही. मी पिशवी वर चढवून खाली उतरलो. मीही काही बोललो नाही. मला दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती.

आठ दिवसांत आईचं मन फिरलं. पुढच्या शनिवारी मी घरी गेलो तर ती फोनच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली होती, पुढ्यात निवडायचे तांदूळ. ते निवडून केव्हाच झाले होते.

"आक्काचा फोन न्हाई आला," ती म्हणाली. "माझं चुकलं रं. पोरीला असं धाडाया नको व्हतं. फोन आला की सांगते, ये म्हनून. काय व्हायचं ते व्हऊ दे."

"मी जाऊन घेऊन येऊ का?" मी विचारलं. मी विचारलं होतं, हे खरं आहे. पण आई म्हणाली, "जाशील तर उद्याच जा," तेव्हा मीच म्हटलं, की उद्या रविवारीही कामावर जायचंय, नवीन यंत्रं बसतायत, आधी फोनवर तिचा विचार घेऊ, ती हो म्हणाली की एका दिवसात आणतो.

त्या शनिवारी फोन आला नाही, पुढच्याही आला नाही. मार्गशीर्ष गेला. मी प्रत्येक शनिवारी घरी पोचायचो तेव्हा आई तिथंच बसलेली असायची. दुपारी ती कुठं जायची नाही, शेतावरसुद्धा नाही. शेजारच्या बायका बोलवायला आल्या तर म्हणायची, "आक्काचा फोन यायचाय." पुढं पुढं तेही म्हणेना. नुसती मान हलवायची.

एकदा ती मला म्हणाली, "तुझ्या कचेरीत इचार ना, लाइन तर बिघडली न्हाई?"

सोमवारी सकाळी कचेरीत गेल्या गेल्या मी पठारावरच्या त्या टपरीला फोन लावला. पहिल्या झटक्यात लागला. आक्का आली की तिला आईला फोन करायला सांगा, म्हटलं. टपरीवाला म्हणाला, "हां, येती ना ती बाई शनवारी. सांगतो, भाऊ." मागे गिऱ्हाईक बोलत होतं, त्यानं घाईत फोन ठेवला. मी रिपोर्टही काढून पाहिला. सकाळचा तास, सोमवार ते शुक्रवार. राहिलेल्या चार लाइनीही निवांत. मग घरी फोन करून मी आईला सांगितलं, "लाइन एकदम ठीक आहे, आई. मी स्वतः लावून पाहिला. कॉम्प्युटरमध्येही तपासलं. कसलीच अडचण नाही."

ती मग म्हणाली, "म्हंजी तिनंच राग धरलाय."

"असेल," मी म्हणालो.

हा एक शब्द मी पुढं किती वेळा आठवला असेन, त्याला मोजमाप नाही. तो म्हणताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. यंत्रानं मला तसंच सांगितलं होतं, आणि यंत्राला मी विचारलंही तेवढंच होतं.

त्यानंतर आईनं आक्काचं नाव काढणं कमी केलं. संक्रांतीला तिनं तिळगुळाची एक पुडी बांधून देव्हाऱ्यात ठेवली आणि ती तशीच राहिली. होळीच्या सुमारास मी म्हटलं, की पाडव्याला मी पठारावर जातोच. आईनं मान डोलावली. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात कचेरीत तपासणी लागली आणि माझं जाणं राहिलं.

चैत्रात, एका बुधवारी सकाळी, आई गोठ्यातून येताना ओसरीवर बसली आणि एका बाजूला कलंडली. चुलत्यांचा फोन मला जुन्नरला आला तेव्हा मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. मी मंचरला दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. चाचा माझ्याबरोबर जीपनं आले होते. त्यांनीच डॉक्टरांशी बोलून कागदपत्रांचं पाहिलं. मी पठारावरच्या टपरीला फोन केला. बुधवार, सकाळची वेळ. लगेच लागला. टपरीवाला स्वतः मोटारसायकल काढून वाडीवर गेला.

आम्ही आक्कासाठी थांबलो. ती चारच्या सुमारास आली, दाजींच्या मागे, चालतच फाट्यावरून. रडली नाही. आईच्या डोक्याशी बसून तिचे केस सारखे करत राहिली, कुणीतरी उठवेपर्यंत.

दहाव्याला नदीवर सगळे जमले होते. कावळा शिवेना. बराच वेळ झाला, लोक उन्हात ताटकळले. चुलत्यांनी शेताची जबाबदारी घेतो म्हणून सांगितलं, मी आईचं वर्षश्राद्ध नीट करीन म्हणालो, तरी काही नाही. तेव्हा चुलती मोठ्यानं म्हणाली, "कसा शिवंल? पोरीच्या फोनची वाट बघून बघून गेली ती. पाच म्हयनं. हिला एक फोन कराया झाला न्हाई."

आक्कानं वर पाहिलं. "मी लावत व्हते," ती म्हणाली. "दर शनवारी लावत व्हते."

"मग आला का न्हाई?"

"लागत न्हवता. बाई बोलायची आतनं, या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त हाईत. तीन-तीनदा, चार-चारदा फिरवायचे. मागं लोकं खोळंबायची."

कुणाचाच विश्वास बसला नाही हे चेहऱ्यांवर दिसत होतं. चुलती माझ्याकडे वळली. "ह्यो तर फोनच्याच हापिसात हाय. हा म्हनला व्हता की लाइन चांगली हाय. म्हनला व्हतास का न्हाई रं?"

आक्काही माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "म्हणालो होतो." मग चुलत्यांनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. आक्का त्याच दिवशी दाजींबरोबर परत गेली.

तेरावा उरकून मी कामावर गेलो, कॉम्प्युटरसमोर बसलो आणि चाचांना म्हणालो, "चाचा, गोल काढायचेत. शनिवारचे."

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. पठारावरचं ते यंत्र दर तासाचे आकडे ठेवत होतं आणि आमच्याकडे ते टेपवर साठत होते. कुणी मागितले नव्हते, एवढंच. मी आज्ञा टाइप केली, दिवाळीपासूनचे सगळे शनिवार मागितले. प्रिंटर चालू झाला. सकाळच्या तासांसमोर शून्य, शून्य, एखाददुसरा. बारानंतर आकडे चढायला लागत, आणि दुपारी दोन ते चार या तासांसमोर, ज्यांना लाइन मिळाली नाही त्यांची संख्या लागलेल्या फोनांच्या कितीतरी पट. प्रत्येक शनिवारी. कागद पुढं सरकत होता आणि मी एकेका ओळीवर बोट ठेवत होतो. आक्का परत गेल्यावरचा पहिला शनिवार, जेव्हा आई तांदूळ घेऊन बसली होती. मग त्याच्या पुढचा. संक्रांतीच्या आधीचा.

त्या आकड्यांत आक्काचे किती, ते यंत्राला माहीत नव्हतं. ते नावं ठेवत नव्हतं, नुसती बेरीज ठेवत होतं.

"मी सही केली होती, चाचा," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मी पण फायलीला लावला होता ना कागद. एकदा बोललो आणि गप्प बसलो. दोनदा बोलायला पाहिजे होतं." मग त्यांनी प्रिंटआउट फाडला, घडी केली आणि फायलीला न लावता माझ्या हातात दिला. "हा बहिणीला नेऊन दाखव. ती खरं बोलत होती हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे."

त्या शनिवारी मी रजा टाकली, घरी न जाता आळेफाट्याला उतरलो आणि दुसऱ्या गाडीनं घाट चढून वर गेलो. बाजार भरला होता. टपरीसमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. टपरीवाल्याला मी कोण ते सांगितलं. त्यानं जीभ चावली.

"साहेब, तुमच्या बहिणीचं काय सांगू राव. दर शनवारी यायच्या. लई फिरवायच्या. लागायचा न्हाई. मागची लोकं म्हनायची, बाई सरा की आता. मग त्या तिकडं दगडावर बसायच्या, पुन्हा लायनीत लागायच्या. वाडीवरची मानसं जायला निघाली की उठून जायच्या. दिवाळीपासनं असंच झालंय बघा. आधी न्हवतं एवढं."

"मी एकदा फोन केला होता सकाळी. निरोप दिलात का तिला?"

"दिला की. म्हनलं भावाचा फोन व्हता. त्या दिवशी तर त्यांनी पाच-सा येळा फिरवला."

मी वाडीवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आक्का अंगणात बाजरी पाखडत होती. घरात सासू होती, ती आत गेली. मी कागद उलगडला आणि जमेल तसं तिला समजावलं. लाइनी किती होत्या, किती झाल्या, कुणी काढल्या. काहीही झाकलं नाही. ती सूप मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजी मी लावला तवा ह्यात दिसतंय," तिनं कागदावर बोट ठेवत विचारलं.

"दिसतंय."

"आनि तू आईला सांगितलंस, लाइन चांगली हाय."

"हो."

"मग आई काय म्हनाली?"

मला खोटं बोलता आलं असतं. जुन्नरपासून घाटापर्यंत मी तेच ठरवत आलो होतो. पण तिच्याकडे पाहून जमलं नाही. "तुझा राग गेला नाही म्हणून तू फोन करत नाहीस, असं तिला वाटलं. तिला तुला सांगायचं होतं, की ये. तुला धाडल्यावर आठ दिवसांतच तिचं मन पालटलं होतं. दर शनिवारी ती फोनपाशी बसायची."

सुपातला भुसा वाऱ्यानं थोडा थोडा उडत होता, आक्काचं लक्ष नव्हतं. मग ती म्हणाली, "मी त्याच दिशी आले असते रं. बाजारातनंच आले असते, पिशवी घेऊन."

"आत्ता चल," मी म्हणालो. "मी न्यायलाच आलोय."

"आता कुणाकडं यिऊ?"

"माझ्याकडं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण त्या पाहण्यात माझ्यासाठी काही नव्हतंही. ती उठली, सूप भिंतीला लावलं आणि म्हणाली, "च्या घे आन् जा. शेवटची गाडी चुकंल." चहा तिनंच केला. कागद मी घडी करून परत देऊ लागलो तर तिनं घेतला नाही.

कचेरीत मी लेखी कळवलं, की शिफारस चुकली होती, शनिवार धरला नव्हता, दोन लाइनी परत द्याव्यात. साहेब रागावले नाहीत. असं होतं कधी कधी, म्हणाले. लाइनी परत जायला पावसाळा उजाडला. चाचा त्याच सुमारास निवृत्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी ते गेले. त्यांच्या घरी मी बसायला गेलो होतो, तर त्यांच्या मुलीनं विचारलं, "अब्बा तुमच्याबद्दल नेहमी विचारायचे. बहीण आली का घरी, म्हणायचे." मी सांगितलं, आली.

कारण आक्का आली होती, पण माझ्या बोलावण्यानं नाही. पुढच्या वर्षी सासरी दुसरी आणली. त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी आक्का महाळुंग्यात एसटीतून उतरली, एक पत्र्याची पेटी आणि दोन घागरी घेऊन. मी घरी नव्हतो. तिनं किल्ली शेजारून मागून घेतली, घर झाडलं आणि राहायला लागली. गावातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. पोरांना तिचा लळा लागला. माझं लग्न तिनंच जमवलं, माझ्या मुली तिच्याच मांडीवर वाढल्या. चुलतीच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं आक्कानंच केलं. नदीवरच्या त्या बोलण्याबद्दल दोघींपैकी कुणी कधी शब्द काढला नाही.

पुढं माझी बदली पुण्याला झाली. तिथं एका मोठ्या खोलीत जिल्ह्याची सगळी वर्दळ पडद्यांवर दिसायची. कुठं गर्दी झाली की तिथलं गाव लाल व्हायचं, आणि दुसऱ्या वाटेनं फोन वळवायचं काम यंत्र स्वतःच करायचं. मी रिपोर्ट सातही दिवसांचा मागायचो आणि न लागलेल्या फोनांचा रकाना पहिला ठेवायला लावायचो. बरोबरची तरुण मुलं म्हणायची, सर, याची गरज नाही, सिस्टीम आपोआप बघते. मी त्यांना कारण सांगितलं नाही. मग मोबाईल आले. पठारावरच्या टपऱ्या बंद पडल्या, आणि एक दिवस त्या गावचं एक्स्चेंजही बंद करायच्या यादीत माझ्यासमोर आलं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, वर्दळ नाही. या वेळी ते खरं होतं. मी सही केली.

आक्का आणि मी पुष्कळ बोलतो. शेताचं, मुलींच्या शाळेचं, कुणाच्या घरी काय झालं त्याचं. ते पाच महिने मात्र आमच्या बोलण्यात कधी येत नाहीत. मला माफ केलंस का, असं मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, आणि तो हो माझ्यासाठी म्हटलेला असेल.

एकदाच तिनं विषय काढला. गेल्या चैत्रात, आईच्या तिथीला. पानं मांडून झाली होती, मुली अंगणात होत्या. आक्का वाढता वाढता थांबली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "त्या दिशी सकाळी आईनं खाल्लं व्हतं का रं काही?"

मला माहीत होतं. चुलत्यांनी सांगितलं होतं. "रात्रीची भाकरी आणि दूध," मी म्हणालो. "गोठ्यात जायच्या आधी."

"पोटभर?"

"चुलते म्हणाले, सगळी भाकरी खाल्ली."

आक्कानं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी पहिल्यांदाच तिला आईसाठी रडताना पाहत होतो. मी तिच्याशेजारी बसलो. अंगणातून मुलींनी हाक मारली, तशी ती उठली, तोंड धुतलं आणि त्यांना जेवायला बोलावलं.